मागच्या ब्रेकमधून 'कुईं' आवाज येतो, घरी ड्रम उघडून पाहू का?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ८१ हजार किलोमीटर झालेत. पुढे डिस्क, मागे ड्रम.

महालक्ष्म्यांना आम्ही सगळे एसटीने यवतमाळला आईकडे गेलो होतो. गाडी नऊ दिवस घरासमोर उघड्यावर उभी होती, हँडब्रेक ओढलेला, आणि त्यातले सहा दिवस पाऊस. परत आल्यावर पहिल्या सकाळी गाडी जागची हलेना. थोडी रेस दिली तेव्हा मागून 'टक्' असा आवाज झाला आणि सुटली. तेव्हापासून उजव्या मागच्या चाकाकडून ब्रेक लावताना बारीक 'कुईंऽऽ' असा आवाज येऊन राहिला आहे. हळू वेगात जास्त, आणि गेटमधून रिव्हर्स घेताना सगळ्यात जास्त. आमची गल्ली सिमेंट रोडची, दोन्हीकडे कंपाउंडच्या भिंती. सकाळी साडेसहाला शाळेत जायला निघते तेव्हा तो आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो.

एका गॅरेजमध्ये नेली होती. चाक न काढताच त्यांनी सांगितलं की शू, ड्रम, सिलिंडर सगळं बदलावं लागेल, साडेसात हजार. मी विचारलं, लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, किती उरलं आहे? उत्तर आलं, आवाज येतो म्हणजे संपलंच. पैसे द्यायला माझी ना नाही. पण ज्या गोष्टीवर मुलांना बसवून रोज हिंगणा टी-पॉइंटपर्यंत जाते, ती कोणी डोळ्यांनी न पाहता ठरवावी हे मला पटलं नाही. गाडी घेऊन परत आले.

पंक्चर झालं की चाक मीच बदलते. घरी जॅक, पाना, छोटा पान्यांचा सेट आहे. ड्रम मात्र कधी उघडला नाही. घरी उघडून पाहणं जमेल का? आणि आवाज कुठला हे उघडायच्या आधी कसं ओळखायचं?

प्रतापनगर_७८

ताई, पावसानंतर हे होतंच. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर एक रबरी बुच असतं. ते काढून आत गंज सोडवायचा स्प्रे मारा. माझ्या जुन्या गाडीला मारला होता, दुसऱ्या दिवशी आवाज बंद.

एसटी_हिंगणा_निवृत्त

ताई, तो स्प्रे मारू नका. प्रतापनगरवाले भाऊ, राग मानू नका, तुम्ही मनापासूनच सांगितलं. पण त्या स्प्रेमध्ये तेल असतं. ड्रमच्या आत तेल गेलं की आवाज बंद होतो, कारण लायनर घासणंच बंद होतं. घासणं बंद म्हणजे ब्रेक बंद. लायनरने एकदा तेल प्यायलं की ते पुरतं निघत नाही, शू फेकावेच लागतात.

मी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होतो, २९ वर्षं. बसचे ब्रेक हवेवर चालतात, कारचे तेलावर, पण ड्रमच्या आतली गोष्ट तीच. फिरणारा लोखंडी ड्रम, आत दोन चंद्रकोरीसारखे शू, ते बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. आवाज म्हणजे त्यातल्या कुठल्या तरी भागाची थरथर. घासलेल्या स्टीलच्या ताटाच्या काठावरून ओलं बोट फिरवलं की ताट कुईं करतं ना, बोट अडकतं, सुटतं, अडकतं, सुटतं. तसंच. आता ती थरथर लायनरवर आहे, शूच्या पाठीमागे आहे की भलतीकडेच, एवढंच शोधायचं आहे.

उघडण्याआधी चार गोष्टी पाहा आणि इथे लिहा.

पहिली. सकाळची वेळ, मोकळा सरळ रस्ता, मागेपुढे कोणी नाही. पंधरा-वीसच्या वेगात पायाचा ब्रेक न लावता हँडब्रेक अगदी हळू ओढा. अंगठ्याने बटण दाबूनच धरा, म्हणजे तो अडकणार नाही आणि सोडला की लगेच सुटेल. रस्ता ओला असेल तर हे करू नका. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. तेव्हा तोच आवाज आला तर तो मागचाच, पुढच्या डिस्कचा नाही. कारच्या आत बसून आवाजाची दिशा पुष्कळदा फसवते.

दुसरी. सपाट जागी गाडी उभी करा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडका किंवा दगड लावा, हँडब्रेक पूर्ण खाली. घरातल्या कोणाला तरी पेडल हळू दाबायला आणि सोडायला सांगा, तुम्ही मागच्या चाकाशी कान द्या. हँडब्रेक ओढलेला असला तर शू आधीच ड्रमला टेकलेले असतात, मग काहीच ऐकू येत नाही, म्हणून तो खालीच पाहिजे. गाडी उभी असताना पेडलवर कुईं झालं, तर लायनरचा प्रश्नच नाही. ड्रम फिरतच नाही तर लायनर घासणार कुठे?

तिसरी. दहा किलोमीटर साधं चालवून थांबा आणि चारही रिंगांजवळ हात न्या, लावू नका. एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर तिकडचा हँडब्रेक सुटत नाही.

चौथी, आणि हिचं उत्तर नक्की द्या. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची डबी असते, तिची पातळी कुठे आहे? अलीकडे कोणी त्यात ऑइल टाकलं का?

मानेवाडा_रिंगरोड

काकाजी, खूप आभार. आज रविवार म्हणून सगळं केलं.

हँडब्रेकने आवाज आला, तोच आवाज. उभ्या गाडीत माझ्या मुलीने पेडल दाबलं आणि मी खाली बसले. उजव्या चाकातून दाबताना 'कुईं' आणि सोडताना छोटंसं 'कीच'. दहादा केलं, दहाही वेळा. डाव्या चाकातून काहीच नाही. रिंगा दोन्ही सारख्याच कोमट.

ऑइल 'मिन'च्या रेषेच्या थोडं वर आहे. मे महिन्यात पंपावर हवा भरताना मिस्टरांनी बॉनेट उघडलं होतं, तेव्हा कमी दिसलं म्हणून थोडं टाकलं होतं.

धरमपेठ_कॅनलरोड

ताई, माझा अनुभव लिहितो, कदाचित उपयोग होईल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. आमच्याकडे नाग नदीचं पाणी शिरलं आणि माझी गाडी दारांच्या खालच्या काठापर्यंत पाण्यात होती, चार-पाच तास. पाणी ओसरल्यावर इंजिन, सीटा, वायरिंग सगळं पाहिलं. ब्रेकचा कोणी विचार केला नाही, कारण ब्रेक लागत होते.

पंधरा दिवसांनी मागून खरखर. ड्रम उघडला तर आत नदीचा गाळ वाळून बसलेला, बोटाने दाबला तर पिठासारखा. साफ केल्यावर खरखर गेली, पण एक घुमणारा आवाज राहिला. मी तो ब्रेकचाच समजून दोन महिने तसाच फिरलो. तो निघाला चाकाच्या बेअरिंगचा. फरक आता कळतो: बेअरिंगचा आवाज वेगासोबत वाढतो आणि ब्रेक लावा न लावा, तसाच राहतो. तुमचा ब्रेकसोबत येतो-जातो, म्हणजे बेअरिंग नसावं. तरी ड्रम काढाल तेव्हा हाताने फिरवून पाहून घ्या.

एसटी_हिंगणा_निवृत्त

कॅनलरोडवाल्या भाऊंनी मोलाचं सांगितलं.

ताई, उजव्या चाकाचं मला ऐंशी टक्के कळलं. शू ज्या पत्र्याला टेकून सरकतात त्याला आम्ही बॅकप्लेट म्हणतो. त्या पत्र्यावर प्रत्येक शूसाठी तीन अशा सहा जागा उंच केलेल्या असतात, नखाएवढ्या. शूची कड त्यांच्यावरून सरकते. कारखान्यातून येताना तिथे ग्रीस असतं. दहा वर्षांत ते वाळून जातं, पाण्याने गंज चढतो आणि लोखंड लोखंडावर कोरडं घासतं. तोच तुमचा उभ्या गाडीतला कुईं. नऊ दिवस हँडब्रेक ओढून पावसात ठेवल्याने शू ड्रमला चिकटले, तो 'टक्' त्यांचा सुटण्याचा. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा. हँडब्रेक ओढू नका.

पण मला काळजी तुमच्या ऑइलची आहे. लायनर झिजलं की ऑइलची पातळी हळूहळू उतरते, ते ठीक. मेमध्ये टाकलेलं ऑइल सप्टेंबरात पुन्हा मिनजवळ येणं ठीक नाही. ते कुठे तरी जातं आहे. म्हणून उघडाल तर दोन्ही चाकं उघडा. ज्या चाकातून आवाज नाही ते तर नक्कीच उघडा.

आता उघडायचं कसं. घाई नको, एका बाजूला दोन तास धरा, आणि एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली तर अडल्यावर तिकडे पाहता येतं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा.

गाडी सपाट फरशीवर. पुढची चाकं चारही बाजूंनी अडवा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा. मग जॅक. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, खाली लोखंडी स्टँड लावायचा. विटा अजिबात नाही, वीट भार आला की सरळ फुटते. काढलेलं चाकही गाडीच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा, दुसरा आधार म्हणून.

ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची रिकामी भोकं दिसतात का पाहा. दिसली तर बहुतेक आठ मिमीचे बोल्ट बसतात. दोन्हीत बोल्ट घाला आणि आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा, ड्रम आपोआप हबवरून, म्हणजे तो ज्यावर बसतो त्या मधल्या भागावरून, उचलला जातो. काही गाड्यांत भोकं नसतात, मधल्या टोपीखाली मोठा नट असतो, ड्रम आणि बेअरिंग एकत्र. तुमची तशी असेल तर थांबा. तो नट ठरावीक ताकदीने आवळावा लागतो, ते घरी करू नका. ड्रम अडला तर लाकडाचा तुकडा मध्ये धरून बाजूने हलके ठोके द्या. तोंडावर हातोडा मारू नका, बीड तडकतं.

ड्रम निघताच आतली काळी धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने तर कधीच उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात गेलं की कायमचं राहतं. आमच्या वेळचे कितीतरी कामगार तोंडाला साधा रुमालही न बांधता ड्रम झटकायचे, मीही झटकला आहे. तुम्ही चांगला मास्क लावा, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून धूळ भिजवा, मग फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून फेका. मुलांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नका.

आणि ड्रम बाहेर असताना पेडलला कोणी पाय लावायचा नाही. शूंना ऑइलच्या दाबाने बाहेर ढकलणाऱ्या सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात, मग काम वाढतं. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा.

आता पाहायचं काय. लायनरची जाडी सगळ्यात पातळ जागी मोजा. गाडीनुसार १ ते २ मिमी ही शेवटची मर्यादा असते, मी २ ला बदलतो. लायनर काचेसारखं चमकत असेल तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने, ओलं करून, चमक उडवा. ड्रमच्या आतल्या कडेला गंजाची उंच किनार तयार झाली आहे का ते बोट फिरवून पाहा. ड्रमवर त्याचा जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. खरादवाल्याकडे द्यायची वेळ आली तर त्या आकड्याच्या आतच राहायचं.

शेवटी वरचा छोटा सिलिंडर. त्याच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. बोथट काडीने एकेकीची कड उचला. आत कोरडं किंवा नुसता ओलावा दिसला तर चालतं. थेंब आला तर तिथेच थांबा आणि मला लिहा.

ग्रीस ब्रेकसाठीचंच घ्या, उष्णता सोसणारं. बेअरिंगचं ग्रीस नको. आपल्याकडे मेमध्ये ४५ डिग्री हवेतच असतात, त्यात ड्रमची उष्णता, ते वितळून थेट लायनरवर येतं. घाट रोडला मोक्षधामजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळेल. स्टँड इतवारीत लोहाओळीत पाहा.

मानेवाडा_रिंगरोड

काकाजी, काल घाट रोडला जाऊन ग्रीसची छोटी ट्यूब आणि ब्रेक क्लीनरचा डबा आणला, दोन स्टँड आणले. आज सकाळी सहाला सुरुवात केली.

आमच्या ड्रमला दोन भोकं होती. बोल्ट आवळत गेले, तिसऱ्या फेरीला 'टण्' आवाज झाला आणि ड्रम अर्धा इंच पुढे आला. मला वाटलं काही तरी तुटलं. तुटलं नव्हतं, गंजाने हबला धरलेला ड्रम सुटला होता.

धूळ भिजवून पुसली आणि तुम्ही सांगितलेल्या सहा जागा शोधल्या. शू थोडा बाजूला दाबून टॉर्च धरला तेव्हा दिसल्या. चार जागांवर तपकिरी गंज. वरच्या दोन मात्र आरशासारख्या लखलखीत, आणि त्या चकाकीच्या मधोमध शूच्या कडेने कोरलेली बारीक खाच. नख फिरवलं तर नख त्या खाचेत अडकलं. मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ. तीन आठवडे सगळी गल्ली ऐकत होती तो आवाज या दोन मिलिमीटरमधून येत होता. शू हाताने पुढे-मागे सरकवला तर तोच 'कुईं', अगदी तोच, फक्त बारीक.

लायनर सगळ्यात पातळ जागी ३ मिमी. म्हणजे संपलेलं नाहीच. मुलीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं, दोनदा. सिलिंडरच्या टोप्या कोरड्या.

स्प्रिंगा काढायची हिंमत झाली नाही, खरं सांगते. शूच्या मधल्या पिना मात्र तुम्ही न सांगताही समजल्या, मागून बोटाने धरून पुढची टोपी दाबून पाव फेरा फिरवली की सुटते. दोन्ही पिना काढल्यावर शू पत्र्यापासून इतके लांब आले की मधे पॉलिश पेपरची घडी आणि काडी जाऊ शकली. चष्मा लावला होता. सहाही जागा घासून साफ केल्या, आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढं ग्रीस प्रत्येक जागी. जास्त झालं ते पुसलं. लायनरला बोट लागलं नाही.

मग डावी बाजू. ड्रम सहज निघाला. आतली धूळ उजव्यासारखी कोरडी नव्हती. काळी, चिकट, खरकट्या तव्यासारखी. मागच्या शूचं लायनर खालच्या अर्ध्यात गडद ओलं. सिलिंडरची मागची टोपी उचलली आणि काडीवरून एक थेंब माझ्या हातमोज्यावर पडला. पिवळसर. मी थांबले आहे. ड्रम नुसता अडकवून ठेवला आहे, गाडी स्टँडवर आहे.

एसटी_हिंगणा_निवृत्त

ताई, शाबास. योग्य जागी थांबलात.

तेच ऑइल. हळूहळू झिरपत होतं, म्हणून पेडल खाली गेलं नाही आणि कळलंही नाही. ओलं लायनर आवाज करत नाही, म्हणून डावीकडे शांतता होती. हे असंच राहिलं असतं तर एखाद्या दिवशी सिलिंडरच्या आतलं रबरी सील पूर्ण फाटून त्या चाकाच्या मार्गातलं ऑइल गेलं असतं. ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात म्हणून गाडी थांबली असती, पण किती लांब जाऊन, ते सांगता येत नाही.

हे काम घरी स्वतः करू नका. सिलिंडरला मागून जो लोखंडी पाइप येतो त्याचा नट दहा वर्षांचा गंजलेला असणार. साध्या पान्याने तो गोल होतो, मग पाइपही बदलावा लागतो. त्यासाठी नटाला सगळीकडून धरणारा पाना लागतो. ओळखीच्या मिस्त्रीला घरी बोलवा, गाडी चालवत नेऊ नका. त्याच्याकडून हे करून घ्या आणि समोर उभं राहून पाहा: डावा सिलिंडर नवा, शू मात्र डावे-उजवे चारही नवे, कारण एका बाजूला जुनं आणि दुसऱ्या बाजूला नवं लायनर ठेवलं तर ब्रेक सारखे लागत नाहीत. डावा ड्रम ब्रेक क्लीनरने धुवायचा. बॅकप्लेटच्या सहा जागा डावीकडेही घासून ग्रीस. ऑइल नवं, सीलबंद डब्यातलं, गाडीतल्या डबीच्या झाकणावर लिहिलं असेल त्याच प्रतीचं, डॉट ३ किंवा डॉट ४. उघडा पडलेला जुना डबा वापरू देऊ नका, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

हवा काढताना एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल, म्हणजे सिलिंडरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू, उघडतो, आणि पेडल वर सोडण्याआधी निपल बंद व्हायलाच हवा. क्रम चुकला की हवा पुन्हा आत जाते. डबीतलं ऑइल या वेळी तळाला जाऊ द्यायचं नाही. तुम्ही पेडलवर बसा, मिस्त्रीला निपलवर बसू द्या.

प्रतापनगर_७८

काका, मी मारलेल्या स्प्रेबद्दल आता विचार करून राहिलो. ती गाडी मी विकली. स्प्रेनंतर सहा महिने वापरली होती. हँडब्रेक चढावर धरत नव्हता, मी केबल आवळून घेतली होती. कारण ते असेल का?

एसटी_हिंगणा_निवृत्त

असू शकतं भाऊ. तेल प्यायलेलं लायनर हँडब्रेकलाही घसरतं, केबल कितीही आवळा. ज्यांना गाडी विकली त्यांचा नंबर असेल तर एक फोन करा, मागचे ड्रम उघडून पाहायला सांगा.

प्रतापनगर_७८

आहे नंबर. करतो.

मानेवाडा_रिंगरोड

काकाजी, काल झालं. शेजारच्या गल्लीतले मिस्त्रीभाऊ दुपारी दोनला आले, तुमचा मेसेज मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, हे लिहिणाऱ्याने हात काळे केलेले दिसतात. पाइपचा नट त्यांनी आधी दोन तास गंजाच्या स्प्रेने भिजवून ठेवला, ड्रमच्या बाहेरून, आणि खाली फडकं धरून. मग पूर्ण वेढणाऱ्या पान्याने एका झटक्यात सुटला.

हिशोब: डावा सिलिंडर ५२०, चार शूचा सेट ११५०, ऑइल ३४०, मिस्त्रीभाऊंची मजुरी ८००. माझं ग्रीस, क्लीनर आणि स्टँड वेगळे. उजवा सिलिंडर त्यांनी तपासला, कोरडा आहे म्हणून तसाच ठेवला. गॅरेजने ड्रमही बदला म्हटलं होतं. दोन्ही ड्रम मोजले, कोरलेल्या आकड्याच्या पुष्कळ आत आहेत.

हवा काढताना मी पेडलवर होते. सुरुवातीला पेडल स्पंजासारखं, आत हवेचा बुडबुडा आहे हे पायाला कळतं. सातव्या-आठव्या वेळी कडक झालं. पाइपमधून आधी काळपट ऑइल आलं, मग मधासारखं स्वच्छ.

रात्री दहानंतर मोकळ्या रिंगरोडवर गेलो, नवे शू ड्रमला घासून नीट बसावेत म्हणून. चाळीसवरून दहापर्यंत हळू ब्रेक, मध्ये थंड होऊ देत, वीसेक वेळा. सुरुवातीला थोडा वास आला, मिस्त्रीभाऊ म्हणाले नव्या लायनरचा असतो. हँडब्रेक आता सहाव्या खटक्याला धरतो, आधी नवव्याला धरायचा. चाकांचे नट आज पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळून पाहिले, एक जरासा फिरला.

आज सकाळी साडेसहाला गेटमधून रिव्हर्स घेतली. आवाज नाही. मुलगी मागच्या सीटवर काच खाली करून कान देऊन बसली होती, तिनेही ऐकला नाही. ऑइलच्या डबीवर मी मार्करने आजच्या पातळीची रेघ मारली आहे आणि शेजारी तारीख लिहिली आहे. दर रविवारी पाहीन.

एसटी_हिंगणा_निवृत्त

रेघ मारली हे फार चांगलं केलं. उजवा सिलिंडरही त्याच वयाचा आहे. पुढच्या पावसाळ्याआधी, मेमध्ये, तो ड्रम पुन्हा उघडून टोपी उचलून पाहा. आता तुम्हाला येतं.